समुद्राच्या पोटातील आवाजाची वाट

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत घरातील लहानथोर सर्वांना वाचता येईल असा विज्ञानाचा एक पाठ असावा, अशी सूचना चिटणीसांकडून आली. विषय कोणता घ्यावा ह्याचा विचार करीत असता काही वर्षांपूर्वीची एक घटना आठवली. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाच्या आरमाराची ‘सान हुआन’ ही पाणबुडी दक्षिण अटलांटिक महासागरात नाहीशी झाली. तीत ४४ माणसे होती. बंदरावर त्यांचे आईबाप, बायका-मुले दिवसामागून दिवस वाट पाहत बसली. पण आपले माणूस कोठे आहे, हे त्यांना कोणी सांगू शकेना. अखेर पाणबुडीचा माग लागला तो डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी. आणि ते कानही हजारो किलोमीटर दूर पाण्याखाली टांगलेले होते.

गोव्यातील घरांना समुद्र नवा नाही. जहाजावर नोकरीस जाण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे, आणि किनाऱ्यावर बसून वाट पाहणे म्हणजे काय हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सांगावे लागत नाही. म्हणून हाच विषय निवडला : समुद्राच्या पोटात आवाज कसा प्रवास करतो, आणि तो कोठून कोठे व किती जोराने पोहोचेल ह्याचे भाकीत संगणकाच्या साहाय्याने कसे करतात. गणित थोडे येईल. पण ते सातवी-आठवीच्या मुलाला झेपेल एवढेच आहे.

१. पाणी मुके नाही

समुद्राचा तळ म्हणजे शांततेचे राज्य, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही; स्वच्छ समुद्रातही दोनशे मीटरच्या खाली सूर्याचा प्रकाश नाममात्र उरतो. रेडिओच्या लहरीही खारे पाणी लवकर गिळून टाकते. परंतु आवाजाला पाणी मानवते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहूनही अधिक.

पाण्यातील हा वेग १८२६ साली कोलादाँ व स्टुर्म ह्या दोघा शास्त्रज्ञांनी जिनीव्हा सरोवरात मोजला. रीत अगदी साधी होती. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली. घंटेवर ठोका पडावयाच्या क्षणीच होडीवर दारूचा भडका उडेल अशी योजना केली. रात्रीच्या अंधारात दूरच्या होडीतील माणसाने भडका पाहिला की घड्याळ सुरू करावयाचे, आणि पाण्यात बुडविलेल्या कर्ण्यातून घंटा ऐकू आली की बंद करावयाचे. सुमारे ८ अंश तापमानाच्या त्या गोड्या पाण्यात वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. आजच्या यंत्रांनी केलेल्या मोजणीशी हा आकडा फार जवळचा आहे.

२. आवाज वळतो कसा

समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सर्वत्र सारखा नसतो. तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पाणी किती ऊन आहे, किती खारट आहे, आणि वरच्या पाण्याचा दाब किती आहे. पाणी जितके ऊन, जितके खारट आणि जितके खोल, तितका वेग अधिक. थंड पाण्यात तापमान एक अंशाने वाढले की वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटरने वाढतो. उबदार पाण्यात ही वाढ त्याहून कमी असते. खोली शंभर मीटरने वाढली की वेग सुमारे १.६ मीटरने वाढतो. क्षारतेचा परिणाम खुल्या समुद्रात सहसा ह्या दोहोंहून कमी असतो, कारण तेथे ती फारशी बदलत नाही.

आता एक हिशेब करून पाहू. हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ, ही क्षारता सर्वत्र धरू. पृष्ठभागावर पाणी २८ अंशांचे आहे. तेथे वेग येतो सुमारे १५४१ मीटर. एक हजार मीटर खोलीवर पाणी ८ अंशांचे आहे; तेथे वेग येतो सुमारे १४९९ मीटर. चार हजार मीटर खोलीवर पाणी २ अंशांचे आहे. तेथे वेग सुमारे १५२६ मीटर. म्हणजे वरून खाली जाताना आधी थंडीमुळे वेग घटतो. पुढे थंडी जवळजवळ कायम राहते आणि दाब मात्र वाढत जातो, म्हणून वेग पुन्हा चढू लागतो. मध्ये कोठेतरी वेग सर्वांत कमी असतो. हा मधला थर ध्यानात ठेवावा. पुढील सारी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

वेग बदलला की आवाज वळतो. का? शाळेतील मुले हातात हात धरून एका रांगेत शेत ओलांडीत आहेत अशी कल्पना करा. रांग आडवी आहे. उजवीकडची मुले चिखलात शिरली आणि डावीकडची कोरड्या बांधावर राहिली, तर काय होईल? चिखलातील मुलांचे पाय जड होतील, बांधावरची पुढे जातील, आणि सारी रांग आपोआप चिखलाच्या बाजूस वळेल. आवाजाचेही तसेच आहे. ज्या बाजूस वेग कमी, त्या बाजूस तो वळतो. ह्यालाच वक्रीभवन म्हणतात. पाण्यात बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते ती प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे. नियम दोहोंचा एकच.

हा नियम विसरल्याने कसा घोटाळा होतो ह्याचे एक उदाहरण आहे. १९३० ते १९४० ह्या दशकात अमेरिकी आरमार आवाजाच्या साहाय्याने पाणबुड्या हुडकण्याचा सराव क्युबाजवळच्या समुद्रात करीत असे. सकाळी यंत्र उत्तम चाले, दुपारी मात्र जवळची पाणबुडीही सापडेना. दोष प्रथम यंत्र चालविणाऱ्यांवर आला. जेवणानंतर त्यांना सुस्ती येते असे म्हटले गेले. खरे कारण वेगळेच होते. दुपारच्या उन्हाने पाण्याचा वरचा थर तापत असे, त्यामुळे आवाज खाली वळे, आणि पाणबुडी जणू आवाजाच्या सावलीत जाऊन बसे. माणसाला नावे ठेवण्यापूर्वी पाण्यात तापमापक सोडून पाहावयास हवा होता. शिक्षकाच्या धंद्यात मला ही गोष्ट वारंवार आठवते.

३. खोल पाण्यातील बोगदा

आता त्या मधल्या, मंद वेगाच्या थराकडे वळू. त्या थरात एखादा आवाज झाला. त्यातील जो भाग वर जाऊ पाहील, त्याला वर अधिक वेगाचे पाणी भेटेल, म्हणून तो खाली वळेल. जो खाली जाऊ पाहील, त्यालाही खाली अधिक वेगाचेच पाणी भेटेल, म्हणून तो वर वळेल. अशा रीतीने तो वरखाली हेलकावे घेत, पण पृष्ठभागाला किंवा तळाला न लागता, पुढे पुढेच जात राहील. जणू पाण्याच्या भिंतींचा एक बोगदाच. अमेरिकेत मॉरिस यूइंग व जे. लामार वर्झेल ह्यांनी १९४४ साली समुद्रात स्फोट करून हा बोगदा दाखवून दिला. त्यास ‘सोफार’ असे नाव पडले. रशियात लिओनिद ब्रेखोव्स्कीख ह्यांनाही तो १९४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे आढळला.

ह्या बोगद्याने काय लाभ होतो? मोकळ्या जागेतील आवाज फुग्याप्रमाणे चहूकडे फुगत जातो, आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथाई होतो. परंतु चार किलोमीटर खोल समुद्रात तो सुमारे चार किलोमीटरपर्यंतच असा फुगतो. मग वर-खाली जागा न उरल्याने भाकरीसारखा फक्त आडवा पसरतो, आणि अंतर दुप्पट झाले की जोर निम्माच होतो. चार किलोमीटरपासून शंभर किलोमीटर म्हणजे अंतर २५ पट. फुग्याच्या रीतीने जोर ६२५ पट घटला असता; भाकरीच्या रीतीने तो केवळ २५ पट घटतो.

४. खर्जाचा आवाज लांब का जातो

गाण्यात खालच्या सुराला आपण खर्ज म्हणतो. शास्त्राच्या भाषेत खर्ज म्हणजे सेकंदातील कंपनांची संख्या कमी. एका सेकंदात एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. येथे आपण सुमारे दहा ते काही शे हर्ट्झपर्यंतच्या आवाजांना खर्जाचे आवाज म्हणू.

समुद्राचे पाणी आवाजाची शक्ती थोडी थोडी शोषून घेते, कारण त्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट व बोरिक आम्ल दाबाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर घटत-जुळत राहतात, आणि त्यात शक्ती खर्च होते. हे शोषण उंच सुराला फार बाधते, खर्जाला फार थोडे. दहा हजार हर्ट्झचा आवाज सुमारे दहा किलोमीटर गेला की केवळ शोषणामुळे त्याचा जोर दहावा हिस्सा उरतो. शंभर हर्ट्झच्या आवाजाला तेवढेच नुकसान व्हावयास सुमारे दहा हजार किलोमीटर जावे लागते. मिरवणूक लांब गेली की झांजांचा नाद विरतो आणि ढोलाचा घुमा तेवढा ऐकू येतो. समुद्रात ही गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडते.

मार्च १९६० मध्ये ह्याची मोठी परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील पर्थजवळच्या समुद्रात स्फोट केले, आणि ते पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूस, सुमारे वीस हजार किलोमीटर दूर, अटलांटिकमधील बर्म्युडा बेटाजवळ ऐकू आले. आवाजाला तेथवर पोहोचावयास पावणेचार तासांच्या आतच वेळ लागला.

५. भाकीत म्हणजे नेमके काय

आता मुख्य प्रश्न. समजा, अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर, वीस हर्ट्झचा आवाज झाला. तो हजार किलोमीटरवर, तीनशे मीटर खोलीवर किती जोराने ऐकू येईल, आणि केव्हा पोहोचेल? ह्याचे उत्तर काढण्यासाठी समुद्राचे जे गणिती चित्र तयार करतात, त्यास प्रतिमान म्हणतात. मुलगी घराचा नकाशा काढते तेव्हा विटा मोजीत नाही. भिंती, दारे व खोल्यांची मापे तेवढी मांडते. प्रतिमानही तसेच. त्याला पुढील गोष्टी पुरवाव्या लागतात : वाटेवरील प्रत्येक टापूत खोलीनुसार आवाजाचा वेग, समुद्र कोठे किती खोल, तळ वाळूचा, गाळाचा की खडकाचा, आवाजाच्या उगमाची खोली, आणि त्याची कंपनसंख्या.

पैकी वेगाची माहिती मिळवणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ‘आर्गो’ नावाच्या योजनेतील हजारो तरंगती यंत्रे जगभरच्या समुद्रांत सोडलेली आहेत. ती साधारणपणे दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहामार्फत कळवितात. भारतात ही माहिती हैदराबाद येथील समुद्र माहिती केंद्रात जमा होते. आपल्या दोना पावल येथेही १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; मुलांना ती अवश्य दाखवावी.

६. संगणकाची रीत

भाकिताच्या मुख्य रीती तीन. पहिली किरणांची : आवाजाचे अनेक किरण कल्पून प्रत्येकाची वाट वक्रीभवनाच्या नियमाने आखणे. ही समजावयास सोपी व उंच सुरांना चांगली. परंतु खर्जाला अपुरी. शंभर हर्ट्झच्या आवाजाची एक लहर १५ मीटर लांब असते, वीस हर्ट्झची ७५ मीटर. एवढी लांब लहर बारीक रेषेप्रमाणे वागत नाही. ती कोपऱ्याला वळसा घालते आणि किरणांच्या हिशेबाने जी जागा पूर्ण सावलीत असावी तेथेही थोडी पोहोचते.

दुसरी रीत स्वरांची. तंबोऱ्याची तार ठराविक प्रकारांनीच कंप पावते, तसेच पृष्ठभाग व तळ ह्यांच्या मधले पाणीही ठराविक प्रकारांनीच कंप पावते. प्रत्येक प्रकार वेगळा काढून शेवटी बेरीज करावयाची. उथळ समुद्रासाठी ही मांडणी सी. एल. पेकेरिस ह्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केली. तिच्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते : उथळ पाण्यात फार खोल खर्ज लांब जाऊच शकत नाही. पाणी ५० मीटर खोल, पाण्यातील वेग १५०० आणि तळाच्या वाळूतील वेग १७०० मीटर धरला, तर सुमारे १६ हर्ट्झच्या खालचा आवाज पाण्यात न टिकता तळात झिरपून जातो. गोव्याच्या किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटरपर्यंत समुद्र शंभर मीटरहूनही उथळ आहे. तेव्हा ‘खर्ज लांब जातो’ हा नियम खोल समुद्राचा आहे, आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

तिसरी रीत आज खर्जाच्या आवाजासाठी फार वापरली जाते. तिच्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. समुद्राचा उभा छेद चौकटीच्या कागदावर काढला आहे असे समजा. शंभर हर्ट्झसाठी चौकट लहरीच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे दीड मीटरची हवी. चार किलोमीटर खोलीत २,६६७ चौकटी, आणि हजार किलोमीटर लांबीत अशा ६,६६,६६७ उभ्या रांगा. एकूण चौकटी सुमारे १७८ कोटी! मूळ समीकरणात प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटींवर अवलंबून असते, कारण आवाज पुढे जातो तसा मागेही परततो. म्हणजे सर्व चौकटींचे उत्तर एकदम काढावे लागेल.

येथे एक युक्ती केली. लांबच्या प्रवासात आवाजाचा बहुतेक भाग पुढेच जातो, मागे परतणारा फार थोडा. तो सोडून दिला तर? मग स्वेटर विणणाऱ्या बाईप्रमाणे काम करता येते. ती साऱ्या स्वेटरचा विचार एकदम करीत नाही. मागच्या ओळीचे टाके पाहून पुढची ओळ विणते. त्याचप्रमाणे आधीच्या उभ्या रांगेवरून पुढची रांग, तिच्यावरून त्यापुढची. संगणकाला एका वेळी एकच रांग हाताळावी लागते. शिवाय पुढे जाताना पाऊलही दीड मीटरपेक्षा पुष्कळ मोठे टाकता येते.

प्रत्येक पाऊल दोन भागांत पडते. प्रथम, पाणी सर्वत्र एकसारखे आहे असे धरून लहर थोडी पसरू द्यावयाची. मग, जेथे वेग कमी तेथे लहर तेवढी मागे रेटावयाची, जेथे अधिक तेथे पुढे. आठवते ना ती चिखलातील मुलांची रांग? तीच येथे आकड्यांत उतरली. शिवाय तळाखालच्या वाळूचे व खडकाचे थरही कागदावर घ्यावे लागतात, आणि त्यांच्या खाली आवाज पूर्ण गिळणारा एक काल्पनिक थर ठेवावा लागतो. नाहीतर कागदाच्या कडेवर आपटून खोटा प्रतिध्वनी परत येतो.

ही युक्ती मुळात रशियाच्या लिओंटोविच व फॉक ह्यांनी १९४६ साली रेडिओच्या लहरींसाठी वापरली. १९६५ साली कूली व टुकी ह्यांनी लहरींचे पृथक्करण झटपट करण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली, आणि ती हाती आल्यावर फ्रेड टॅपर्ट व हार्डिन ह्यांनी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ही युक्ती समुद्रातील आवाजासाठी आणली. पुढे मायकेल कॉलिन्स ह्यांनी १९९० नंतर तीत अशी सुधारणा केली की, तिरप्या दिशेने जाणारा आवाजही नीट मोजता येऊ लागला. ही रीत उंच सुरांना का परवडत नाही तेही आता कळेल. दहा हजार हर्ट्झची लहर केवळ पंधरा सेंटिमीटर. म्हणजे चौकटी उभ्या-आडव्या शंभरपट, एकूण दहा हजारपट!

७. ‘सान हुआन’चा शोध

आता पाणबुडीकडे परत येऊ. अणुस्फोटांवर लक्ष ठेवण्यासाठी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय संघटनेने जगाच्या समुद्रांत ऐकण्याची ठाणी उभारली आहेत. त्यांपैकी दोन ठाण्यांवर, अटलांटिकमधील असेन्शन बेटाजवळ व हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील क्रोझे बेटांजवळ, १५ नोव्हेंबर २०१७ चा एक अनोळखी आवाज नोंदला गेला होता. पहिले ठाणे घटनास्थळापासून सुमारे सहा हजार किलोमीटर, दुसरे सुमारे आठ हजार.

अशा ठाण्यावर पाण्यातील तीन कान सुमारे दोन दोन किलोमीटर अंतराने त्रिकोणात टांगलेले असतात. आवाज तिन्ही कानांवर एकाच क्षणी येत नाही. कोणत्या कानावर आधी आला ह्यावरून तो कोणत्या दिशेने आला ते निघते. दोन ठाण्यांच्या दोन दिशा नकाशावर आखल्या की त्या जेथे छेदतात तेथे उगम. पोहोचण्याच्या वेळांवरूनही तीच जागा ताडून पाहता येते.

परंतु वेळेवरून अंतर काढावयाचे तर वेग अचूक हवा. आठ हजार किलोमीटरच्या वाटेवर सरासरी वेग १४८० मीटर धरला तर आवाजाला सुमारे ५४०५ सेकंद, म्हणजे दीड तास लागतो. वेगात केवळ एका मीटरची चूक झाली, १४८० ऐवजी १४८१ धरले, तरी वेळेत साडेतीन सेकंदांहून अधिक फरक पडतो. म्हणजेच जागा पाच किलोमीटरहून अधिक सरकते. वाटेत दक्षिणेचे थंड पाणी, उष्ण प्रवाह, पाण्याखालचे डोंगर. प्रत्येकाचा हिशेब प्रतिमानात घ्यावा लागतो.

आणि हिशेब बरोबर आहे की नाही हे कसे ठरवावयाचे? शास्त्रज्ञांनी ते शाळेतल्याच रीतीने ठरविले : उत्तर माहीत असलेले उदाहरण सोडवून. १ डिसेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाच्या आरमाराने पाणबुडीच्या अखेरच्या ठाऊक जागेच्या टापूत एक स्फोटक मुद्दाम पाण्यात सोडले. जागा माहीत, वेळ माहीत. तो आवाज त्याच दोन ठाण्यांवर पोहोचला, आणि पहिल्या आवाजाशी ताडून पाहता आला.

अखेर १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, एक वर्ष व एक दिवसाने, सुमारे ९०७ मीटर खोलीवर पाणबुडीचे अवशेष आढळले. ज्या टापूकडे आवाजाने बोट दाखविले होते, त्याच टापूत ते होते. ४४ जणांपैकी कोणी परत आले नाही. गणिताने कोणाचे प्राण वाचविले नाहीत, हे खरे. परंतु आपले माणूस कोठे विसावले आहे हेही ज्यांना कळत नव्हते, त्यांना ते कळले. ज्या घराने असे दुःख सोसले आहे, ते ह्याची किंमत जाणील.

८. प्रतिमान चुकते तेव्हा

संगणकाने सांगितले म्हणजे ते खरेच, असे मुलांनी कधी समजू नये. संगणक हिशेबात चुकत नाही. पण त्याला दिलेली माहिती चुकीची असेल तर तो चुकीचे उत्तरही तेवढ्याच ठामपणे देतो. पर्थ-बर्म्युडा प्रयोगाचीच गोष्ट पाहा. १९८८ साली वॉल्टर मुंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आवाजाची वाट नव्याने मोजली. त्या हिशेबात बर्म्युडा बेट आवाजाच्या सावलीत पडू लागले. परंतु १९६० साली आवाज तर तेथे ऐकू आला होता! येथे मोजणी खोटी म्हणून सोडली नाही, प्रतिमान तपासले. १९९१ साली हीनी, कूपरमन व मॅक्डोनल्ड ह्यांनी तळाच्या चढउतारांमुळे आवाज आडव्या दिशेनेही वळतो ही गोष्ट हिशेबात घेतली, आणि मग बर्म्युडाला पोहोचणाऱ्या वाटा सापडल्या. अनुभव व पुस्तक ह्यांत विरोध आला तर पुस्तक पुन्हा उघडावे, हाच ह्यातील धडा.

तळाची माहिती अपुरी असणे, हे चुकीचे दुसरे मोठे कारण. उथळ पाण्यात आवाज तळावर पुनःपुन्हा आपटतो. तेथे वाळू आहे की चिखल, ह्यावर उत्तर कितीतरी बदलते. शिवाय समुद्र ऋतूंप्रमाणे पालटतो. उन्हाळ्यातील तापलेला शांत समुद्र आणि पावसाळ्यात वाऱ्याने घुसळलेला समुद्र ह्यांना एकच नकाशा चालत नाही.

९. ह्या विद्येचे इतर उपयोग

आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असल्याने आवाज हा समुद्राचा तापमापकही होऊ शकतो. जानेवारी १९९१ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील हर्ड बेटाजवळ ५७ हर्ट्झचा आवाज जहाजावरून पाण्यात सोडला. वीजयंत्रांचा गुणगुणाट ५० किंवा ६० हर्ट्झचा असतो; त्यात घोटाळा होऊ नये म्हणून मधला ५७ निवडला. ह्या कामी नऊ देशांच्या शास्त्रज्ञांनी भाग घेतला, त्यांत भारतही होता. तो आवाज अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांजवळ ऐकू आला. दहा हजार किलोमीटरच्या वाटेवर पाणी सरासरी एका अंशाचा शंभरावा भाग तापले, तरी आवाज सुमारे एकपंचमांश सेकंद आधी पोहोचेल. एवढा फरक मोजता येतो, आणि त्यावरून समुद्र किती तापत आहे ते कळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खर्जाच्या आवाजाचा हा बोगदा माणसाच्या आधी देवमाशांना ठाऊक होता. फिन देवमासा सुमारे वीस हर्ट्झचा आवाज काढतो, आणि शांत समुद्रात तो फार दूर पोहोचू शकतो, असे पेन व वेब ह्यांनी १९७१ साली हिशेबाने दाखविले. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा गोंगाटही ह्याच खर्जाच्या पट्ट्यात येतो. आपल्या अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांची एक वेगळी, संख्येने अत्यल्प जमात राहते. इतरत्रचे कुबडे देवमासे ध्रुवाकडे जातात-येतात. हे मात्र येथेच वर्षभर असतात. त्यांच्या कानांवर आपल्या जहाजांचा किती गोंगाट पडतो, हेही ह्याच प्रतिमानांनी काढता येते. ज्या विद्येने बुडालेली माणसे शोधली, तिनेच मुक्या समजल्या जाणाऱ्या जिवांची गाऱ्हाणीही आपल्यापर्यंत पोहोचवावी, हे योग्यच होय.

१०. मुलांसाठी तीन प्रश्न

१. पाण्यातील वेग सेकंदाला १५०० मीटर धरून ५० हर्ट्झच्या आवाजाच्या लहरीची लांबी काढा.
२. सहा हजार किलोमीटर अंतर सेकंदाला १४८० मीटर ह्या वेगाने जावयास आवाजाला किती वेळ लागेल?
३. पृष्ठभागावरचे पाणी थंड व खालचे ऊन असेल, तर आवाज कोणत्या बाजूस वळेल?

उत्तरे : पहिल्याचे, ३० मीटर. दुसऱ्याचे, सुमारे ४०५४ सेकंद, म्हणजे साडेसदुसष्ट मिनिटे. तिसऱ्याचे, वरच्या बाजूस. कारण तेथे वेग कमी. तिसरे उत्तर न आल्यास चिखलातील मुलांची रांग पुन्हा आठवावी.

वाचकहो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभारला, त्यांनीही एक प्रकारे भाकीतच केले होते : आज लावलेल्या चार पैशांचा, दिलेल्या एका पुस्तकाचा आवाज पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचेल. तो पोहोचला, ह्याची साक्ष आपल्या मुलांच्या हातातील पदव्या देत आहेत. आता त्या मुलांपैकी एखाद्याने वा एखादीने समुद्राकडे केवळ नोकरीची वाट म्हणून न पाहता अभ्यासाचा विषय म्हणूनही पाहावे, एवढीच ह्या शुभप्रसंगी इच्छा.